घरगुती व्हिडिओ एडिटिंगसाठी बाह्य डिस्क: दहा गिगाबिटच्या यूएसबी-सी जोडणीचे परीक्षण

घरातली मुंज, बारसे, गौरी-गणपती किंवा राजगडाची एखादी फेरी यांचे चित्रण हल्ली फोनवरसुद्धा ४के मध्ये होते, आणि २५६ किंवा ५१२ जीबीच्या लॅपटॉपमध्ये ते फार काळ मावत नाही. मग बाहेरून डिस्क जोडावी लागते. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न क्षमतेचा येतो: एक टीबी देऊ की दोन? एडिटिंग करणाऱ्याने मात्र त्याआधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधून ठेवावे, असे माझे मत आहे. ती डिस्क संगणकाला कोणत्या जोडणीने जोडली जाणार, त्या जोडणीतून प्रत्यक्षात किती माहिती वाहणार आणि आपल्या चित्रणाला त्यातली किती लागणार, हा तो प्रश्न होय. क्षमता कमी पडली तर पुढे आणखी एक डिस्क घेता येते. जोडणी चुकली तर घेतलेली डिस्क एडिटिंगच्या कामाला कायमची अपुरी पडते.

मी घरी एम१ चिपच्या मॅकबुक एअरवर आणि एका जुन्या विंडोज लॅपटॉपवर कुटुंबाचे व सोसायटीच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ संकलित करतो. या कामासाठी तीन प्रकारच्या डिस्क वापरात आहेत: यूएसबी ३.० ची अडीच इंची फिरती हार्ड डिस्क, सॅमसंगची टी७ ही एक टीबीची पोर्टेबल एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क), आणि यूएसबी४ च्या एन्क्लोजरमध्ये, म्हणजे डिस्क बसवायच्या पेटीत, बसवलेली एनव्हीएमई (लॅपटॉपच्या आत असते तशी वेगवान) एसएसडी. या तिन्हींत घरच्या कामाला सर्वांत योग्य जोडणी मला टी७ ची, म्हणजे सेकंदाला दहा गिगाबिटची यूएसबी-सी वाटते. तिच्याहून वेगवान जोडणी बाजारात आहे, पण घरगुती एडिटिंगमध्ये त्या जास्तीच्या वेगाचा उपयोग फार थोड्या जणांना होतो. आणि तिच्याहून स्वस्त जोडणी घेतली तर त्रास नेमका ज्या ठिकाणी नको असतो तिथे, टाइमलाइनवर (क्लिप क्रमाने मांडून कापायच्या पट्टीवर), होतो.

आधी हिशेब मांडायला हवा. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात वेग मेगाबिटमध्ये दिलेला असतो आणि डिस्कच्या खोक्यावर मेगाबाइटमध्ये, म्हणजे दोन्ही आकड्यांत आठपटीचा फरक असतो. हा भाग निसटला की पुढची सगळी तुलना चुकते. आजचे बरेचसे मिररलेस कॅमेरे ४के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिटच्या आसपास करतात. म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला ४५ जीबी. लग्नात तीन कॅमेरे लावले आणि तिन्हींचे चित्रण टाइमलाइनवर एकाखाली एक ठेवून एकदम चालवले तरी साडेसदतीस एमबी प्रतिसेकंद पुरतात. फोनचे चित्रण याहूनही हलके असते. आयफोनवर ४के, ३० फ्रेमचे एचईव्हीसी (आकुंचित करून साठवण्याची एक पद्धत) चित्रण मिनिटाला साधारण १७० एमबी घेते, म्हणजे सेकंदाला तीन एमबीसुद्धा नाहीत. प्रोरेझ या अ‍ॅपलच्या, कमी आकुंचन करणाऱ्या पद्धतीची गोष्ट वेगळी. ४के, २५ फ्रेमच्या प्रोरेझ ४२२ ला सेकंदाला सुमारे ४९२ मेगाबिट, म्हणजे साठ-एकसष्ट एमबी लागतात आणि तासाभराचे चित्रण २२० जीबी व्यापते.

हे आकडे पाहून कोणालाही वाटेल की साधी फिरती डिस्क पुरेशी आहे. अडीच इंची, मिनिटाला ५४०० फेऱ्यांची डिस्क १०० ते १४० एमबी प्रतिसेकंद देते, आणि यूएसबी ३.० ची जोडणी तर प्रत्यक्षात ४०० एमबीच्या पुढे वाहू शकते. मग साडेसदतीस एमबीला काय अडचण? अडचण अशी आहे की डिस्कचा तो १०० ते १४० चा आकडा एकच मोठी फाइल सलग वाचताना मिळतो. एडिटिंगमध्ये सलग वाचन क्वचितच होते. तीन कॅमेऱ्यांच्या तीन फाइल तबकडीवर तीन ठिकाणी असतात, आवाजाची फाइल चौथ्या ठिकाणी, आणि त्याच वेळी सॉफ्टवेअर क्लिपची लघुचित्रे व आवाजाचे आलेख तयार करून कुठेतरी लिहीत असते. वाचणारे डोके प्रत्येक वेळी उचलून नव्या जागी न्यावे लागते आणि अशा प्रत्येक हालचालीला दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. टाइमलाइनवर इकडून तिकडे उड्या मारल्या की चित्र थबकते ते यामुळे. त्यातच डिस्क भरत आली की नवी माहिती तबकडीच्या आतल्या कडेला लिहिली जाते, आणि तिथला वेग बाहेरच्या कडेच्या जवळपास निम्मा असतो. कमी किमतीच्या अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये एसएमआर पद्धत वापरलेली असते. त्यात माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असल्याने मोठी नक्कल करताना वेग सुरुवातीला चांगला दिसतो आणि नंतर बराच घसरतो. खोक्यावर याचा उल्लेख सहसा नसतो.

म्हणजे फिरत्या डिस्कच्या बाबतीत मर्यादा जोडणीची नसून जोडणीमागच्या यंत्राची आहे. तीच डिस्क दहा गिगाबिटच्या किंवा थंडरबोल्ट या त्याहून वेगवान जोडणीच्या पेटीत घातली तरी तसूभरही वेगवान होणार नाही. फिरत्या डिस्कसाठी महागडी जोडणी घेण्याचा सल्ला जो कोणी देईल, त्याचे याबाबतीत तरी ऐकू नये.

उलट दिशेचा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे. चित्र थबकले की लोक डिस्कला दोष देतात, पण पुष्कळदा दोष डिस्कचा नसतो. एच.२६४ आणि एचईव्हीसी या पद्धतींमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. काही फ्रेम पूर्ण असतात आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त झालेले बदल नोंदवलेले असतात. टाइमलाइनवर मधल्याच एखाद्या फ्रेमवर जायचे तर संगणकाला मागची-पुढची फ्रेम उलगडून ती फ्रेम नव्याने घडवावी लागते. हे काम प्रोसेसरचे किंवा ग्राफिक्स चिपमधल्या खास भागाचे असते. दहा बिटांचे ४:२:२ (रंगाची जास्त माहिती साठवणारे) चित्रण उलगडण्याची सोय बऱ्याच जुन्या संगणकांच्या हार्डवेअरमध्ये नाही, त्यामुळे तिथे कितीही वेगवान एसएसडी जोडली तरी चित्र अडखळतेच. याला उपाय म्हणजे प्रॉक्सी, म्हणजे मूळ चित्रणाच्या हलक्या प्रती करून त्यांवर संकलन करणे आणि शेवटी मूळ चित्रणावरून अंतिम फाइल काढणे. डाव्हिंची रिझॉल्व्हच्या विनामूल्य आवृत्तीत, फायनल कटमध्ये आणि प्रीमिअरमध्ये ही सोय आहे. डिस्कवर पैसे घालण्याआधी एक साधी तपासणी करावी. तीच क्लिप लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर ठेवून चालवावी. तिथेही अडखळली तर बाह्य डिस्क बदलून काहीही साधणार नाही.

जोडणीवर लिहिलेला आकडा आणि प्रत्यक्षातला वेग यांच्यातले अंतर नवे नाही. मिनी डीव्हीच्या टेप ज्यांच्या कपाटात अजून आहेत, त्यांना फायरवायर आठवत असेल. त्या काळी बाह्य डिस्कसाठी यूएसबी २.० की फायरवायर असा वाद असे. कागदावर यूएसबी २.० चे ४८० मेगाबिट फायरवायरच्या ४०० हून सरस दिसत, पण यूएसबी २.० मध्ये प्रत्येक देवाणघेवाणीची सूत्रे संगणकाच्या प्रोसेसरकडे असत आणि सलग वाहणारा प्रवाह टिकत नसे. फायरवायरमध्ये उपकरणे आपसांत व्यवहार सांभाळत आणि ठरावीक वेळेत ठरावीक माहिती पोचेल याची हमी असे. डीव्हीचे चित्रण सेकंदाला केवळ २५ मेगाबिटचे, तासाला सुमारे १३ जीबी, पण टेप थांबून राहत नाही, त्यामुळे ही हमी महत्त्वाची होती. संकलन करणारे ४०० चा आकडा असलेली जोडणी निवडत आणि त्यांचे बरोबर होते. आजच्या यूएसबीने तो दोष बराचसा दूर केला आहे. यूएएसपी या पद्धतीमुळे अनेक मागण्या रांग लावून एकत्र हाताळल्या जातात. एन्क्लोजर विकत घेताना यूएएसपीचा उल्लेख आहे की नाही हे म्हणूनच पाहावे.

यूएसबीच्या नावांचा घोळ मात्र ग्राहकाच्या जिवावर उठलेला आहे आणि त्याबद्दल मला खरोखर राग आहे. २००८ साली आलेल्या पाच गिगाबिटच्या जोडणीचे नाव यूएसबी ३.० होते. पुढे तिलाच यूएसबी ३.१ जेन १ म्हटले गेले आणि त्यानंतर यूएसबी ३.२ जेन १. दहा गिगाबिटची ती जेन २, वीस गिगाबिटची जेन २ बाय २. म्हणजे खोक्यावर नुसते ‘यूएसबी ३.२’ लिहिलेले असेल तर आत पाच, दहा किंवा वीस यांपैकी काहीही असू शकते, आणि विक्रेता खोटे बोलत आहे असेही म्हणता येत नाही. त्यामुळे नावाकडे दुर्लक्ष करून फक्त गिगाबिटचा आकडा विचारावा. आकडा लिहिलेलाच नसेल तर तो पाच आहे असे धरून चालावे.

टाइप-सी या आकाराने हा घोळ आणखी वाढवला. सी हा फक्त खाचेचा आणि पिनेचा आकार आहे. त्याच्या आत ४८० मेगाबिटची जुनी यूएसबी २.० सुद्धा असू शकते आणि ४० गिगाबिटचे थंडरबोल्टही. आयफोन १५ आणि १५ प्रो या दोघांना सी पोर्ट आहे, पण पहिल्याचा वेग यूएसबी २.० चा आहे आणि दुसऱ्याचा दहा गिगाबिटचा. लॅपटॉपवर पोर्टच्या शेजारी ‘१०’ हा आकडा किंवा थंडरबोल्टची विजेची खूण कोरलेली असेल तर नशीब समजावे. नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या नेमक्या मॉडेलचे तपशील वाचावेत. एकाच लॅपटॉपच्या दोन बाजूंचे पोर्ट वेगवेगळ्या वेगाचे असणे अगदी सर्रास दिसते. २०२४ च्या एम४ मॅक मिनीमध्ये पुढचे दोन सी पोर्ट दहा गिगाबिटचे आणि मागचे तीन थंडरबोल्ट ४ चे आहेत, आणि दिसायला पाचही सारखेच आहेत.

केबलबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या ओळखीत ‘नवी एसएसडी हळू चालते’ अशी जी तक्रार येते तिचे मूळ बहुतेक वेळा केबलमध्येच सापडते. फोनच्या चार्जरबरोबर येणारी सी-टू-सी केबल वीज भरपूर वाहून नेते, पण माहितीसाठी तिच्यात अनेकदा यूएसबी २.० च्याच तारा असतात. आयफोन १५ प्रोच्या खोक्यातली केबलही त्याच प्रकारची आहे. अशा केबलने टी७ जोडली तर १००० एमबीची डिस्क ४० एमबीने चालते आणि कुठेही काही इशारा येत नाही. त्यामुळे डिस्क घरी आल्याबरोबर तिची वेगचाचणी करावी; मॅकवर ब्लॅकमॅजिक डिस्क स्पीड टेस्ट आणि विंडोजवर क्रिस्टलडिस्कमार्क ही दोन्ही साधने फुकट मिळतात. आकडा ४० च्या आसपास आला तर केबल किंवा पोर्ट यूएसबी २.० चा आहे. ४०० ते ४५० आला तर जोडणी पाच गिगाबिटवर बसलेली आहे. ९०० ते १००० आला तर दहा गिगाबिट नीट मिळत आहेत. मॅकच्या सिस्टिम रिपोर्टमध्ये यूएसबीच्या यादीतही जोडणीचा वेग लिहिलेला दिसतो. दहा गिगाबिटसाठी केबल एक मीटरच्या आत ठेवावी. लांब केबल हवीच असेल तर तिच्यावर वेग छापलेला असल्याशिवाय घेऊ नये. डिस्कबरोबर आलेल्या केबलवर मी रंगीत चिकटपट्टी लावून ठेवली आहे, म्हणजे घरातले कोणी ती फोनला लावायला नेत नाही.

आता टी७ विषयी. २०२० साली आलेली ही एसएसडी ८५ मिमी लांब, ५७ मिमी रुंद आणि ८ मिमी जाड आहे आणि तिचे वजन ५८ ग्रॅम आहे. कंपनीने वाचनाचा वेग १०५० आणि लेखनाचा १००० एमबी प्रतिसेकंद असा दिला आहे. योग्य पोर्ट आणि योग्य केबल असेल तर मोठ्या फाइलच्या बाबतीत हा दावा माझ्या मॅकबुकवर जवळपास खरा ठरतो. विंडोज लॅपटॉपच्या पाच गिगाबिटच्या निळ्या पोर्टावर अर्थातच निम्मा वेग मिळतो. विशेष म्हणजे टाइमलाइनवर काम करताना या दोन वेगांतला फरक मला जाणवत नाही. तीन कॅमेऱ्यांचे १०० मेगाबिटचे चित्रण दोन्हीकडे सारखेच सरळ चालते, कारण एसएसडीला हलवायला डोकेच नाही आणि कुठल्याही जागेवरची माहिती ती मिलिसेकंदाच्या अंशात आणून देते. फरक पडतो तो नक्कल करताना. कार्डातले २०० जीबी डिस्कवर उतरवणे, संपलेला प्रकल्प दुसरीकडे हलवणे, प्रोरेझची मास्टर फाइल काढणे या कामांत दहा गिगाबिट उपयोगी पडतात. तरीही ज्यांच्या लॅपटॉपला फक्त पाच गिगाबिटचा पोर्ट आहे, त्यांनी त्यासाठी नवा लॅपटॉप घेण्याची मुळीच गरज नाही. एसएसडी घ्यावी आणि काम सुरू करावे.

कार्डातून नक्कल करताना आणखी एक बाब लक्षात येते. साध्या एसडी कार्डाचा वाचनाचा वेग ९०-१०० एमबीच्या आसपास असतो आणि तिथे दहा गिगाबिटची डिस्क कार्डाची वाट पाहत बसते. कार्ड-रीडर आणि डिस्क एकाच हबवर लावले तर हबची एकच वाट दोघांत वाटली जाते. शक्यतो डिस्क थेट लॅपटॉपला लावावी आणि रीडर हबला.

टी७ ची मर्यादाही सांगायला हवी. तिच्यातल्या टीएलसी प्रकारच्या (एका कप्प्यात तीन बिट साठवणाऱ्या) स्मृतीचा काही भाग वेगवान राखीव जागा म्हणून वापरला जातो. ती जागा भरेपर्यंत लेखन १००० च्या जवळ चालते आणि भरल्यावर वेग बराच उतरतो. घरच्या कामात हे खटकत नाही, कारण उतरलेला वेगसुद्धा फिरत्या डिस्कच्या पुढेच असतो. क्यूएलसी प्रकारच्या (एका कप्प्यात चार बिट कोंबणाऱ्या) स्वस्त एसएसडीत मात्र ही घसरण फार मोठी असू शकते आणि सलग शेकडो जीबी लिहिताना वेग फिरत्या डिस्कच्या पातळीवर येतो. खोक्यावर दोघांचाही आकडा १०५० असाच असतो. त्यामुळे खोक्यावरच्या आकड्याबरोबर स्मृतीचा प्रकार विचारावा, आणि डिस्कची वीस टक्के जागा नेहमी मोकळी ठेवावी. टी७ ला तीन वर्षांची मर्यादित वॉरंटी आहे. ट्रेकला किंवा पावसाळ्यात बाहेर नेणाऱ्याने २०२२ मध्ये आलेली रबरी आवरणाची टी७ शील्ड पाहावी, तिला धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून आयपी६५ दर्जाचे संरक्षण आहे आणि वेग तोच आहे.

वीस गिगाबिटच्या जेन २ बाय २ जोडणीची शिफारस मी घरच्या वापरासाठी करणार नाही. कागदावर ती २००० एमबी देते आणि सॅमसंगची टी९ त्याच जोडणीची आहे. पण हा वेग मिळायला संगणकाच्या पोर्टलाही नेमकी तीच पद्धत यावी लागते, आणि बहुसंख्य लॅपटॉपना ती येत नाही. मॅकवर अशी डिस्क दहा गिगाबिटनेच चालते. थंडरबोल्ट पोर्ट वीस गिगाबिटहून पुढचा आहे, मग वीसची डिस्क वीसने चालेल असे वाटणे साहजिक आहे, पण या दोन पद्धती वेगळ्या आहेत आणि यूएसबी४ मध्येसुद्धा जेन २ बाय २ ची सोय ऐच्छिक ठेवलेली आहे. जास्तीचे पैसे मोजून दहाचाच वेग मिळवण्यात अर्थ नाही.

यूएसबी४ आणि थंडरबोल्ट यांचा विचार मात्र गांभीर्याने करण्याजोगा आहे, निदान काही जणांनी. थंडरबोल्ट ३ हे २०१५ मध्ये सी पोर्टावर आले, २०१९ मध्ये त्याच पायावर यूएसबी४ उभे राहिले आणि २०२० मध्ये थंडरबोल्ट ४ आले. तिन्हींच्या या आवृत्त्यांची कमाल मर्यादा ४० गिगाबिट आहे. चांगल्या एन्क्लोजरमध्ये चांगली एनव्हीएमई बसवली तर संगणकानुसार २८०० पासून ३८०० एमबी प्रतिसेकंदापर्यंत वेग मिळतो, म्हणजे बाहेरची डिस्क आतल्या डिस्कसारखी वागते. ज्याच्या मॅकमध्ये आत २५६ जीबीच आहेत आणि जो प्रोजेक्ट, कॅशे (सॉफ्टवेअरने केलेल्या तात्पुरत्या फाइल), मूळ चित्रण असे सगळेच बाहेर ठेवून अनेक प्रोरेझ प्रवाह एकत्र चालवतो, त्याला ही जोडणी घ्यावीच असे मी सांगेन. मूळ चित्रण फोनचे किंवा १०० मेगाबिटच्या कॅमेऱ्याचे असेल तर ती नको. माझ्याकडचे यूएसबी४ एन्क्लोजर रंगसंस्काराच्या मोठ्या प्रकल्पांत उपयोगी पडते. एरवीच्या कामाला हात टी७ कडेच जातो, कारण एन्क्लोजर वजनाला जड आहे आणि ते तापते.

तापण्याचा मुद्दा आपल्याकडे किरकोळ समजू नये. एनव्हीएमई एसएसडी सलग लेखन करताना गरम होते आणि ठरावीक तापमानाच्या वर गेली की स्वतःचा वेग कमी करते. एप्रिल-मेमध्ये नागपूर-अकोल्याकडे खोलीचेच तापमान चाळिशीच्या आसपास असताना धातूचे जाड कवच आणि आतली उष्णतावाहक पट्टी या गोष्टी अत्यावश्यक ठरतात. प्लास्टिकचे एन्क्लोजर कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. दहा गिगाबिटच्या तयार एसएसडीला ही अडचण कमी येते, कारण ती मुळातच कमी वीज खाते.

विजेवरून आठवले. साडेतीन इंची डेस्कटॉप डिस्कला बारा व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो. लॅपटॉपला बॅटरी असल्याने वीज गेल्यावर तो चालू राहतो, पण ही डिस्क त्याच क्षणी बंद पडते, आणि त्या वेळी काही लिहिले जात असेल तर फाइल बिघडते. भारनियमनाच्या गावात अशी डिस्क यूपीएसशिवाय एडिटिंगला वापरू नये. पोर्टावरच चालणाऱ्या एसएसडीला हा धोका नाही. मात्र यूएसबी ३.० च्या पोर्टची हमी पाच व्होल्टला ९०० मिलिअँपिअरची, म्हणजे साडेचार वॅटचीच असते. वीजखाऊ एनव्हीएमई जुन्या पोर्टावर मधेच सुटण्याचे हे एक कारण आहे.

आयफोन १५ प्रो आणि त्यापुढच्या प्रो फोनवर प्रोरेझचे चित्रण थेट बाह्य डिस्कवर करता येते. अ‍ॅपलची अट अशी आहे की डिस्कने किमान २२० एमबी प्रतिसेकंद लिहायला हवे, साडेचार वॅटहून अधिक वीज घेऊ नये आणि केबल दहा गिगाबिटची असावी. ४के, ३० फ्रेमचे प्रोरेझ मिनिटाला सुमारे सहा जीबी घेते, म्हणजे एक टीबीमध्ये पावणेतीन तासांच्या आसपास चित्रण मावते. चित्रण संपले की तीच डिस्क लॅपटॉपला लावून संकलन सुरू करता येते, नक्कल करण्याचा टप्पाच उरत नाही. नाटकाची तालीम किंवा घरची मैफल चित्रित करणाऱ्याला ही सोय फार मोलाची आहे.

फाइल सिस्टिमबद्दल, म्हणजे डिस्कवर फाइल मांडून ठेवण्याच्या पद्धतीबद्दल, थोडक्यात. डिस्क मॅक आणि विंडोज दोन्हींवर फिरवायची असेल तर एक्सफॅट सोयीचे आहे, पण त्यात बदलांची रोजनिशी ठेवली जात नाही आणि केबल मधेच निघाली तर संपूर्ण फोल्डर हरवू शकतो. एकाच संगणकावर काम असेल तर मॅकसाठी एपीएफएस आणि विंडोजसाठी एनटीएफएस ठेवावे. एपीएफएस फिरत्या डिस्कवर मंदावते, तिच्यासाठी जुनी मॅक ओएस एक्स्टेंडेड पद्धत बरी. दोन्हीकडे इजेक्ट केल्याशिवाय डिस्क काढू नये.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करा, आपल्या गावच्या दुकानात करा किंवा ऑनलाइन करा, एक गोष्ट पक्की ठेवावी: सोळा टीबीची पोर्टेबल एसएसडी काही हजार रुपयांत मिळत नाही. अशा जाहिरातींतल्या डिब्ब्यांत बहुधा एक छोटे मेमरी कार्ड असते आणि संगणकाला खोटी क्षमता दाखवण्याची व्यवस्था असते; खरी क्षमता भरली की पुढचे चित्रण जुन्यावर लिहिले जाऊन दोन्ही नष्ट होते. संशय असेल तर विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि मॅकवर एफ३ या साधनांनी संपूर्ण डिस्क भरून तपासता येते. परत करण्याची मुदत संपण्याआधी ही तपासणी व्हायला हवी.

फिरत्या डिस्कला मी वर बरीच नावे ठेवली असली तरी घरातून तिला निरोप देऊ नये. एसएसडीतली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवल्यास तो भार हळूहळू ओसरू शकतो. दीर्घकाळाच्या साठवणीला फिरती डिस्क अधिक योग्य आहे आणि तेवढ्याच पैशांत तिच्यात कितीतरी जास्त मावते. चालू प्रकल्प टी७ वर, आणि काम संपले की मूळ चित्रण, प्रोजेक्ट फाइल व अंतिम व्हिडिओ दोन वेगवेगळ्या फिरत्या डिस्कवर, अशी विभागणी मी ठेवली आहे. त्यांतली एक डिस्क दुसऱ्या घरी असते. या दोन्हींना यूएसबी ३.० ची पाच गिगाबिटची जोडणी पुरून उरते. प्रॉक्सी आणि कॅशे त्यांवर हलवू नयेत. ते पुन्हा तयार करता येतात आणि जागा मात्र बरीच खातात.